लांब नाकाची गाडी

एक दिवसाआड मी बिलोलीहून नांदेडला गाडी चालवत जाते. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. सकाळी निघायचं, नायगाव मागं टाकायचं, खोदून ठेवलेल्या रस्त्यावर ट्रकांच्या मागं रांगत नांदेड गाठायचं, त्याला डायलिसिसच्या खाटेवर सोडायचं आणि ते यंत्र त्याचं रक्त धुऊन देईपर्यंत बाहेर थांबायचं. मग परत. येताना तो बोलत नाही, पिळून काढलेल्या धुण्यासारखा पडून राहतो. मीही बोलत नाही. साठीच्या आसपास आले आहे, पाठ धरते, आणि घरी पोचल्यावर स्वयंपाकाला उभं राहायचं असतं.

गाडी मुलानं घेऊन दिली आहे. तो पुण्यात असतो. पांढरी, उंच, गिअर नसलेली. "आई, यात काही करायचंच नाही, नुसतं बसायचं," असं त्यानं मला सांगितलं होतं आणि ते खरं आहे. दवाखान्याच्या आवारात अशा पांढऱ्या उंच गाड्यांची रांग लागलेली असते. सगळ्यांची तोंडं रागावल्यासारखी. कितीदा तरी मी दुसऱ्याच्याच गाडीचं दार ओढत उभी राहिले आहे.

ड्रायव्हर ठेव म्हणून मुलगा मागं लागतो. दोन ठेवून पाहिले. एकाला सकाळी जाग यायची नाही, दुसऱ्याला ब्रेक म्हणजे लाथ वाटायची. शेवटी आपलं आपणच बरं.

मला गाडी येते हे गावात आता कुणाला नवल वाटत नाही. पण मी शिकले तेव्हा ते नवलच होतं, आणि शिकले तीही उलट्या बाजूनं.

माझं माहेर लातूरचं. अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, डाळीची गिरणी होती. मी शाळेत असताना गिरणीच्या पट्ट्यात त्यांचा डावा हात सापडला. हात वाचला, पण कोपराच्या वर उचलेना. आमच्याकडं तेव्हा अँबेसेडर होती आणि तिचा गिअर स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला असायचा. दुसऱ्या कुणी ड्रायव्हर ठेवला असता. अप्पांनी मला शेजारी बसवलं. ते क्लच दाबायचे आणि नुसतं "हं" म्हणायचे, की मी दांडा ओढायचा. काही दिवसांनी "हं" म्हणायची गरज राहिली नाही. इंजिनाचा आवाज जड झाला की माझा हात आपोआप जायचा. उदगीर, औसा, नांदेडचा धान्याचा मोंढा, जिथं जिथं त्यांचं काम असायचं तिथं आम्ही दोघं मिळून एक ड्रायव्हर होऊन जायचो. माझा मोठा भाऊ, अण्णा, त्याला गाडी लागायची. रेणापूरपर्यंतसुद्धा तो उलटी केल्याशिवाय पोचायचा नाही. त्यामुळं हे काम माझ्याकडंच राहिलं.

कॉलेजात गेल्यावर मी उजवीकडं सरकले आणि अप्पा डावीकडं आले. त्याबद्दल घरात चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, एवढंच म्हणाली की पदर नीट खोचून बसत जा.

अप्पांना गाड्यांची फार आवड. तरुणपणी हैदराबादला अडतीच्या कामाला जायचे तेव्हा तिथल्या बड्या लोकांच्या विलायती गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. खाटेएवढं बॉनेट, मागं माशाच्या शेपटीसारखे उठलेले पंख, सगळीकडं चमचम. त्या बघायला ते हॉटेलासमोर चहा घेत बसून राहायचे, असं सांगायचे. त्यांचं एक मत होतं. चांगली गाडी बसल्यावानी दिसावी, उभी राहिल्यावानी नको. पोट भरलेला बैल सावलीला कसा बसतो, तशी. अँबेसेडर त्यांना कधीच आवडली नाही. ती त्यांना पोळी लाटायला बसलेल्या जाड बाईसारखी दिसायची, आणि हे ते अव्वासमोर बोलायचे नाहीत.

मग कॉन्टेसा आली. जपानी इंजिनाची निघाल्यावर अप्पांनी ती घेतली. दुधी रंगाची, लांब नाकाची, रुंद मागची. लातुरात तशा मोजक्याच होत्या. हैदराबादच्या त्या गाड्यांची ती गरीब भाची लागते, असं अप्पा म्हणाले. पण भाची तर भाची. पहिल्या दिवशी ते तिच्याभोवती फिरत राहिले आणि सदऱ्याच्या बाहीनं बॉनेट पुसत राहिले.

ती गाडी चालवणं काय होतं, हे आज कुणाला सांगायला गेलं तर ऐकणारे मोबाइलकडं बघू लागतात. अँबेसेडरला आपण ढकलत न्यायचो. हिच्यात मागची चाकं आपल्याला ढकलायची. औशाच्या रस्त्याला लागलं, दोन्हीकडं काळी रानं मोकळी झाली आणि तिसऱ्यातून पाय दाबला, की पाठ सीटला चिकटायची आणि ते लांब नाक थोडंसं वर यायचं. समोर एवढं नाक असलं की रस्ता आपल्यापासून दूर वाटतो, भीती वाटत नाही. अप्पा शेजारी बसून डोळे अर्धवट मिटायचे. सावकाश चालव असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत. पुढं बैलगाडी दिसली की नुसतं खाकरायचे.

मला बघायला बिलोलीकडची मंडळी आली ती कॉन्टेसा घेतल्यानंतरच्या उन्हाळ्यात. मुलगा, म्हणजे आता माझा नवरा, शाळेत मास्तर. सोबत त्याचे वडील आणि काका. वडील गरीब स्वभावाचे होते, बोलणं सगळं काकांचं. ते एसटीनं आले होते आणि दुपारच्या बसनं परत जायचे होते. पण अव्वानं जेवणाचा आग्रह केला, पंगत लांबली आणि आम्ही त्यांना घेऊन स्टँडवर पोचलो तर देगलूरची बस नुकतीच निघून गेलेली. काकांचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांना बिलोलीत काही तारीख होती कोर्टाची.

अप्पा म्हणाले, "बसा गाडीत. नळेगावच्या अलीकडं बस गाठू."

"तुमचा हात तर असा हाय. एवढ्या लांब चालवणार कोण?" काकांनी विचारलं.

तोवर मी चाकावर बसलेच होते. स्टँडपर्यंत मीच आणलं होतं त्यांना, पण घरापासून स्टँड जवळ होतं, त्यामुळं ते गप्प राहिले असावेत. आता त्यांनी आधी माझ्याकडं, मग अप्पांकडं पाहिलं, आणि पुढच्या बसनं जाऊ म्हणाले. पुढची बस देगलूरपर्यंत जाणारी नव्हती. त्यांचे भाऊ, माझे सासरे, मागं जाऊन बसले. मुलगाही बसला. मग काकांनाही बसावं लागलं.

तेव्हाचा तो रस्ता अरुंद. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीनं खाली उतरायचं, आणि कडेला हातभर खाच. मी गाडी अशी काढली की आजही ते आठवलं तर तळव्यांना घाम येतो. ट्रक, जीप, लग्नाचं वऱ्हाड भरलेला ट्रॅक्टर, सगळं मागं गेलं. आरशात मला मधोमध बसलेल्या मुलाचं कपाळ तेवढं दिसत होतं. काका खिडकीवरचा दांडा धरून होते. शेवटी एका चढावर बसचा मागचा भाग दिसला, धुळीनं माखलेला. हॉर्न दिला तर बस सरकेना. अप्पा खाकरले. मी थांबले, चढ संपू दिला, समोर मोकळं दिसलं तशी दुसऱ्यात आणून पाय दाबला. बसच्या खिडक्यांतली तोंडं एकेक करून मागं गेली. पुढच्या फाट्यावर मी गाडी आडवी लावली आणि कंडक्टर शिव्या देत खाली उतरला. चाकावर बाई बघून त्याची शिवी तोंडातच राहिली.

तिघं बसमध्ये चढले. मुलगा चढता चढता मागं वळला. परतीच्या वाटेवर मी अप्पांना म्हणाले की आता हे स्थळ गेलं. अप्पा म्हणाले, "गेलं तर गेलं. बस तर घावली."

स्थळ गेलं नाही. पंधरवड्यानं काका स्वतः आले. मुलगा म्हणतो करीन तर हीच, असं त्यांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना ते आवडत नव्हतं हे दिसत होतं. त्यांची एक अट होती. लग्नानंतर पोरीनं गाडीला हात लावायचा नाही, आमच्याकडं चार लोक नावं ठेवतील. मी चहा घेऊन दारात उभी होते. अप्पा म्हणाले, "ते मी कसं सांगू? तिलाच इचारा."

काकांना माझ्याशी बोलायचं नव्हतं, पण आता इलाज नव्हता. त्यांनी मान न वळवता विचारलं.

मी म्हणाले, "तुमच्याकडं गाडीच न्हाई. हात लावू कशाला?"

काका हसले. त्यांना हसताना मी नंतरही फार वेळा पाहिलं नाही.

पाठवणीला कॉन्टेसाच होती. अप्पांनी भाड्यानं ड्रायव्हर बोलावला होता. मी शालू नेसून मागं बसले. अव्वा रडत होती, बायका रडत होत्या, आणि मला त्या ड्रायव्हरचे गिअर ऐकू येत होते. प्रत्येक वेळी दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. उदगीर येईपर्यंत मी रडले नाही. उदगीरच्या पुढं त्यानं चढावर गाडी चौथ्यातच ओढली, इंजिन घरघरलं, आणि मला रडू फुटलं. शेजारी बसलेल्या नवऱ्याला वाटलं माहेरची आठवण आली. त्यानं हळूच रुमाल पुढं केला.

नंतरची वर्षं सांगण्यासारखी नाहीत, म्हणजे सगळ्यांची असतात तशीच. मास्तरचा पगार, दोन मुलं, एक स्कूटर. सासऱ्यांचं म्हातारपण मीच काढलं, काकांचंही. अप्पा गेले तेव्हा मी बसनं लातूरला गेले. कॉन्टेसा गिरणीच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. मी ताडपत्री उचलली नाही.

यंदा दिवाळीच्या आधी अण्णाचा फोन आला. गिरणी केव्हाच बंद पडली होती, आता ती जागा द्यायची ठरली होती. शेड रिकामं करायचं होतं. सोलापूरचा एक तरुण जुन्या गाड्या घेऊन नीटनेटक्या करतो, तो येऊन बघून गेला होता. अण्णा म्हणाला की तुला शेवटची बघायची असंल तर ये.

मला खरं तर जायचं नव्हतं. दोन डायलिसिसच्या मधला तो एकच दिवस मला पाय लांब करायला मिळतो. पण नवऱ्यानं ऐकलं आणि तोच हट्टाला पेटला. आपण जाऊ म्हणाला. तुम्हाला झेपणार नाही, असं मी म्हणाले, तर म्हणाला की झोपून येतो. मागच्या सीटवर उशी घातली आणि निघालो. देगलूर, उदगीर, नळेगाव. त्या चढावर आता उड्डाणपूल आहे आणि चढ कुठं होता ते मला सापडलं नाही.

शेडसमोर गाडी बाहेर काढून ठेवली होती. धुतलेली. त्या सोलापूरच्या तरुणानं नवी बॅटरी घालून, पेट्रोल भरून ती सुरू करून ठेवली होती. माझ्या मनातल्या गाडीपेक्षा ती लहान होती, हेच आधी जाणवलं. आमच्या पांढऱ्या गाडीशेजारी ती एखाद्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती, ज्याला लोकांनी आधार देऊन फोटोपुरतं बाहेर आणलंय. नाक मात्र तेवढंच लांब होतं. दाराच्या खालच्या पत्र्याच्या गंजून झिरमिळ्या झाल्या होत्या.

तरुण नम्र होता. काकू, काकू करत त्यानं मोबाइलवर चित्र दाखवलं, गाडी झाल्यावर कशी दिसेल त्याचं. गडद हिरवा रंग, वर काळं छत, रुंद टायर, आणि बुड जमिनीला टेकेल एवढी खाली आणलेली. अण्णाला ते बघवेना. अप्पांनी दुधी रंग मुद्दाम निवडला होता, त्याला हात लावायचा नाही, असं तो त्या तरुणाला सांगू लागला. ज्याला रेणापूरपर्यंतसुद्धा गाडी लागायची तो रंगासाठी भांडत होता. त्याचा आवाज कापायला लागला तेव्हा मला कळलं की तो रंगाबद्दल बोलत नाहीये.

मी म्हणाले, "अण्णा, जाऊ दे. रंगवू दे त्याला आवडंल तशी."

अण्णा बाजूला झाला. मग तो तरुण मला म्हणाला, की काकू, एक चक्कर मारून या, तुमचीच आहे अजून. मी नको म्हणणार होते. तोवर नवरा पुढचं दार उघडून बसला होता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या गाडीत तो पुढं बसला ती पहिलीच वेळ.

क्लच दाबला तर गुडघ्यातून कळ गेली. पूर्वी पायाखाली कधी कळलाही नव्हता, तो आता दगडासारखा लागला. चाक वळेना. गल्लीतून मोठ्या रस्त्याला येईपर्यंत माझे खांदे भरून आले. औशाच्या रस्त्याला लागलो. रस्ता आता रुंद, मधे दुभाजक, दोन्हीकडं ढाबे आणि मंगल कार्यालयं. काळी रानं फार मागं सरकलीत. मी तिसऱ्यात टाकली.

नवरा म्हणाला, "जरा पळव की."

मी पाय दाबला. इंजिन एकदा खोकलं, मग आवाज मोकळा झाला आणि नाक थोडं वर आलं. त्या क्षणी काहीतरी व्हायला हवं होतं. मी वाट बघितली. पण मला पेट्रोलचा वास येत होता, ब्रेक नीट लागेल की नाही याची काळजी होती, पाठीत चमक होती, आणि शेजारचा माणूस हादऱ्यांनी दोन्ही हातांनी सीट धरून बसला होता. एक पांढरी उंच गाडी आम्हाला सहज मागं टाकून गेली. आतल्या बाईनं फोनमधून मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

दुभाजकाच्या मोकळ्या जागेत गाडी वळवायला गेले तर अर्ध्यात हात थकले. चाक धरून राहिले, पण ते फिरवायची ताकदच उरली नाही. मागून हॉर्न वाजू लागले. कशीबशी कडेला घेतली, एका रसवंतीसमोर, आणि इंजिन बंद केलं. हात मांडीवर टाकले. नवऱ्यानं ते पाहिलं.

मी म्हणाले, "जड हाय हो ही. मला न्हाई आवडली आता."

तो म्हणाला, "मला तेव्हाही न्हाई आवडली. बस गाठली त्या दिवशी मी सगळा रस्ता डोळे मिटून देवाचं नाव घेत होतो."

"मग हो कशाला म्हणालात?"

आजारानं त्याचा चेहरा सुजतो आणि त्यावरचे भाव नीट कळत नाहीत. तो म्हणाला, "आमच्या घरात काका बोलले की सगळे थांबायचे. तू थांबली न्हाईस. मला वाटलं, हिच्यासंगं ऱ्हायलो तर मलाबी जमंल."

"जमलं का?"

"कुठं," तो म्हणाला. "पण तुझं चाललं की."

मला हसू आलं आणि त्यालाही आलं, पण त्याला हसताना धाप लागते म्हणून लवकर थांबावं लागलं. मी अण्णाला फोन केला. तो आणि सोलापूरचा तरुण दुसऱ्या गाडीनं आले. अण्णा सोबत आला म्हणजे त्याची आता गाडी लागण्याची खोड गेली असावी, मी विचारलं नाही. तरुण कॉन्टेसात बसला, एका हातानं चाक फिरवलं आणि गाडी वळवून घेतली. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. मी कान देऊन ऐकलं. गिअर त्यानं जिथं टाकायला हवेत तिथंच टाकले.

त्याच संध्याकाळी बिलोलीला परतलो. उद्या पुन्हा नांदेड होतं. नवरा मागं झोपला होता. मला वाईट वाटत होतं का, हे मी वाटेत स्वतःला विचारून पाहिलं. वाटत होतं, पण गाडीबद्दल नाही. ज्या मुलीचे हात त्या चाकावर थकत नव्हते, तिला मी कधी निरोपच दिला नव्हता, ती केव्हा गेली तेही कळलं नाही. त्याचं थोडं वाटलं. देगलूरच्या पुढं समोरच्या गाड्यांचे दिवे डोळ्यांवर येऊ लागले आणि मग तो विचारही करता आला नाही.

गेल्या आठवड्यात तरुणानं फोटो पाठवला. मी दवाखान्यात नवऱ्याच्या खाटेजवळ बसले होते. गडद हिरवी, काळ्या छताची, जमिनीला टेकलेली. मी चष्मा लावून नीट बघितली. मला वाटलं होतं राग येईल. आला नाही. ती सुंदर दिसत होती आणि मला अनोळखी होती. नवऱ्याच्या एका हातात सुया होत्या, त्यानं दुसऱ्या हातानं फोन धरला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला की अप्पांना आवडली असती. मी म्हणाले, नसती आवडली. यावर आमची थोडी जुंपली. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे गृहस्थ कोणती गाडी म्हणून विचारू लागले, त्यांनाही दाखवली. त्यांनी माझी अव्वा म्हणाली असती तसंच काहीतरी म्हटलं, की एवढी खाली असली तर खड्ड्यात अडकंल.

मग नर्सनं मला बाहेर थांबायला सांगितलं. अजून बराच वेळ होता. मी खाली आले, आवारातल्या सावलीत गाडीचं सीट मागं पाडलं, काचा थोड्या उघड्या ठेवल्या आणि डोळ्यांवर ओढणी घेऊन झोपले. या गाडीत झोप चांगली लागते.